वशिल्याचा पाहुणा

लोक नवी मुंबईला नोकरीला जातात, लग्नाला जातात, हल्ली नवा विमानतळ बघायलाही जातात. मी वशिला म्हणून गेलो. ज्याच्या ओळखीनं साहेबलोक विरघळतात असं गाव समजतं, तो माणूस म्हणजे वशिला. मी पूर्वी साताऱ्याकडच्या आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या गावाचा सरपंच होतो. पद केव्हाच गेलं, पण 'आबांनी शब्द टाकला की काम होतं' ही समजूत मागे राहिली, आणि ती घालवायची खटपट मी कधी केली नाही. कुणाला आवडणार नाही?

माझी चुलत पुतणी वनिता लग्न झाल्यापासून कोपरखैरण्याला राहते. तिचा नवरा संपत तुर्भ्याच्या बाजारात माथाडी आहे, म्हणजे पाठीवर पोती वाहतो. बाजाराजवळच्या एका गल्लीच्या तोंडाशी वनिताची भाकरीची हातगाडी होती. भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, ठेचा. आमच्याकडचे किती हमाल त्या गाडीवर जेवून दुपारच्या पाळीला उभे राहिले असतील, त्याची गणती नाही. एके दिवशी अतिक्रमणाची गाडी आली आणि हातगाडी, शेगडी, परात, सगळं उचलून घेऊन गेली. वनिता तेव्हा भाकरी थापत होती. तिला कुणी काही विचारलं नाही, सांगितलंही नाही. त्यानंतर घर एकट्या संपतच्या पाठीवर आलं, आणि ती पाठ आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. गाडी परत मिळाली नाही तर चंबूगबाळं आवरून गावी यायचं, एवढंच त्यांच्यापुढे उरलं होतं. गावी त्यांना ना रान, ना काम.

वनितानं कुणाच्या तरी मदतीनं अर्ज केला होता आणि सुनावणीचा दिवस लागला होता. संपतचा मला फोन आला. "आबा, सुनावनीला बसनारं सायब आपल्या कोरेगावचं हायत म्हनं. तुमी नुसतं येऊन समोर उबं ऱ्हावा."

नुसतं समोर उभं राहणं हे काम मी आयुष्यभर केलेलं आहे. मी लगेच हो म्हणालो.

आमच्याकडे साहेबाकडून काही हवं असलं की आधी त्याचा सत्कार करतात. मागणी नंतर, फेटा आधी. तेव्हा कंदी पेढे, वाघ्या घेवडा, शाल, नारळ आणि एक नवाकोरा गुलाबी फेटा असा सरंजाम पिशवीत भरला. फेटा बांधण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. कितीतरी साहेबांची डोकी माझ्या हाताखालून गेलेली आहेत.

कोपरखैरणे, मंगळवार

प्रवासाबद्दल काही लिहीत नाही. घाटात गाडी तापली, माणसंही तापली, पोचलो.

कोपरखैरण्याला घरं शोधणं मोठं अवघड. गल्ल्या सारख्या, घरं सारखी, एकाला एक चिकटून वर चढत गेलेली, आणि पत्ता म्हणजे नुसते आकडे. आमच्याकडे 'पिंपळापासून डावीकडे' म्हटलं की पुरतं. मी मोठ्या ऐटीत एका दारावरची घंटा वाजवली. आतून एक कोकणातल्या बाई आल्या. मी "वनू कुठाय?" म्हणत चपला काढून आत जाऊन बसलोसुद्धा. त्यांनी पाणी दिलं, पंखा लावला, चहा टाकला आणि मग शांतपणे विचारलं, "तुम्हाला भाकरीवाली वनिता हवी का? ती पुढच्या गल्लीत. चहा घेऊन जा." अनोळखी म्हाताऱ्याला घरात घुसल्यावर आधी चहा आणि मग पत्ता देणारी बाई मी शहरात पाहीन असं वाटलं नव्हतं. त्या बाईंचं नावही मी विचारलं नाही. इथून त्यांना नमस्कार.

वनिता जिन्यातच भेटली. वाळली होती, पण हसणं तेच. "आबा, आदी हातपाय धुवा, जेवा. टेन्शन नंतर."

जेवताना मी पिशवी उघडून एकेक वस्तू दाखवली. संपतचा चेहरा फुलला. वनिता फेट्याकडे बघत राहिली. "ह्ये सायबांना बांदायचं?"

"मग? सुनावणी सुरू व्हायच्या आधी. म्हणजे वातावरण बरं राहतं."

"आनि ती सुनावनी माजी का त्यांची?" ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी भाकरी वाढली. मला ते जरा लागलं. एवढ्या लांबून मी काय भाकरी खायला आलो होतो?

संध्याकाळी ती मला जवळच्या समाजमंदिरात घेऊन गेली. दर मंगळवारी तिथं बायका जमतात. कुणी मेथी निवडत असते, कुणी लसूण सोलत असते, एकीच्या मांडीवर बाळ. गौरी नावाची एक मुलगी ऐरोलीच्या कंपनीतून सुटून परस्पर तिथं येते आणि घटनेतला एकच हक्क घेऊन बसते. आधी ती वाचते. मग प्रत्येक बाई आपण कुठं अडलो ते सांगते. आणि त्यांचा एक नियम आहे. बोलताना जी कुणी 'कृपा', 'उपकार' किंवा 'मेहेरबानी' म्हणेल, तिनं सगळ्यांना चहा करून द्यायचा.

वनितानं माझी ओळख करून दिली. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "आपल्या सर्वांच्या कृपेनं..."

सगळी खोली हसली. एका आजींनी कोपऱ्यातल्या गॅसकडे बोट दाखवलं.

मी चहा ठेवला. आमच्या घरात मी शेवटचा चहा कधी केला होता ते मला आठवत नाही. साखर जास्त पडली. कप वाटता वाटता मी सहज म्हणालो, "साहेब आपल्याकडचेच आहेत, तेव्हा मेहेरबानी होईल असं वाटतं." झालं. दुसऱ्या चहाचं आधण ठेवावं लागलं. तोपर्यंत पेढ्यांचा पुडाही कुणीतरी फोडला होता. साहेबांसाठी आणलेले पेढे त्या बायकांनी मेथीच्या हातांनी खाल्ले आणि साताऱ्याची तारीफ केली, म्हणून मीही फार ताणलं नाही.

गौरीला मी विचारलं, "तुम्हाला कशाला हा उद्योग? तुमची तर चांगली नोकरी आहे."

ती म्हणाली, "आबा, शाळेत नागरिकशास्त्रात मला पैकीच्या पैकी असायचे. नंतर एकदा माझी पर्स चोरीला गेली. तक्रार द्यायला चौकीत गेले, तर मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? 'सॉरी सर, तुम्हाला त्रास देतेय.' चोरी माझी झाली आणि माफी मीच मागत होते. घरी येऊन फार वेळ विचार केला, की हे मला कुणी शिकवलं."

मग ती वनिताच्या कामाचं बोलली. पोटासाठी धंदा करायचा हक्क घटनेनं प्रत्येकाला दिला आहे. सरकार त्याला वाजवी नियम घालू शकतं. रस्ता अडवायचा हक्क कुणालाच नाही. पण माणसाची रोजीरोटी उचलायची तर आधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. फेरीवाल्यांसाठी वेगळा कायदाही आहे. "तेव्हा ताई, तुम्ही मागायला जात नाही आहात," ती वनिताला म्हणाली. "सांगायला जाताय."

ऐकायला सगळं छान होतं. पण मी किती ऑफिसं पाहिली आहेत. घरी येताना मी वनिताला म्हणालो, "पोरी, हे समाजमंदिरात ठीक आहे. सुनावणीत साहेबापुढं ताठ बोललीस आणि तो बिघडला, तर गाडी कायमची जाईल. मला बोलू दे."

तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "मलाबी भ्या वाटतंया आबा. पन तुमी बोलून गाडी सुटली, तर पुढच्या बारीला मी काय करायचं? परत तुमाला कोरेगावास्नं बोलवायचं?"

मोरा, बुधवार

सुनावणी गुरुवारी होती. घरात बसून तिघांचीही घालमेल व्हायला लागली, तेव्हा संपत म्हणाला, "चला, मोऱ्याला जाऊन येऊ." वनिताच्या गाडीवर सुकटीची चटणी असायची, आणि सुकट ती उरणजवळच्या मोरा बंदरावरच्या हिराबाईंकडून घ्यायची. गाडी नाही तर सुकट कशाला, असं मी म्हटलं. वनिता म्हणाली, "गाडी आल्यावर लागंल की." मला त्या 'आल्यावर'चं कौतुक वाटलं आणि भीतीही वाटली.

बस बदलत बदलत गेलो. एका बाजूला कंटेनरच्या लांबच लांब गाड्या आणि दुसऱ्या बाजूला खाडी, तिवरं, पांढुरकी मिठागरं. एका ठिकाणी पाण्यात गुलाबी रंगाची रांग दिसली. मला वाटलं कुणी कपडे वाळत घातलेत. संपत म्हणाला, फ्लेमिंगो आहेत. हजारो मैलांवरून आलेल्या पाखरांना तिथं कुणी हटकत नव्हतं. ती चिखलात माना घालून निवांत जेवत होती. आमच्याकडच्या डोंगरात मोर बघून मी कधी थांबत नाही, पण इथं बसच्या खिडकीला नाक लावून बसलो.

मोऱ्याला मुंबईची लाँच लागते ती बघायला मी धक्क्यावर पुढे पुढे गेलो आणि ओहोटीच्या चिखलात एका पायानं गुडघ्यापर्यंत रुतलो. पाय निघाला, चप्पल राहिली. हिराबाई लांबून बघत होत्या. त्यांनी नऊवारीचा काष्टा आणखी घट्ट केला, चिखलात उतरल्या, हात घालून चप्पल काढली आणि माझ्या पुढ्यात टाकली. "डोंगरचं पावनं दिसतान," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्याकडे तांदळाची भाकरी खाल्ली. आमची ज्वारीची भाकरी दणकट, पोटात बसून राहणारी. ही पांढरीशुभ्र, मऊ, घडी घातली तरी तुटत नाही. बरोबर तव्यावरचे ओले बोंबील. मी किती खाल्ले ते सांगत नाही.

जेवताना बघत होतो. हिराबाईंकडे व्यापारी येत होते, भाव करत होते, भांडत होते, आणि सगळा व्यवहार त्याच बघत होत्या. त्यांचे यजमान बाजूला जाळं विणत बसले होते. ते एकदाही मध्ये पडले नाहीत. आमच्याकडे घरी कुणी आलं की बाईमाणूस दाराआडून बोलतं आणि पुरुष ते पुन्हा मोठ्यानं सांगतो. मी यजमानांना विचारलं, "तुम्ही काही बोलत नाही?"

उत्तर हिराबाईंनी दिलं. "आमचे बाजारान बायकाच बोलतान. दादला दर्यान बोलतं, त्यो पन वाऱ्याशी. मच्छी इकनारी मी हाय, तं मीच बोलनार."

संपत खाली मान घालून काटा काढत होता. तो हळूच म्हणाला, "भाकरीबी हीच इकती, आबा."

मी आणखी एक बोंबील ताटात घेतला. परत येताना बसमध्ये मी त्यांना सांगून टाकलं, की उद्या मी बोलणार नाही. बरोबर मात्र येणार, आणि पिशवीही आणणार, कारण ऐन वेळी काय लागेल सांगता येत नाही.

सुनावणीचं ऑफिस, गुरुवार

कुठलं ऑफिस ते लिहीत नाही. बाक, पंखा, गार पाण्याचा नळ आणि लोकांच्या चेहऱ्यावरची ती नेहमीची काळजी. सगळीकडे सारखंच असतं.

वनिता इस्त्रीची साडी नेसून आली होती. तिचे हात सारखे पदराशी खेळत होते. मी शिपायाजवळ जाऊन हळूच चौकशी केली, कोरेगावचे साहेब आले का?

"ते रजेवर आहेत. आज मॅडम बसल्यात."

"मॅडम कुठल्या?"

"नांदेडकडच्या."

नांदेडला मी उभ्या जन्मात कधी गेलो नव्हतो. माझं उभं राहणं, माझी ओळख, माझा फेटा, सगळं एका रजेत संपलं. संपत तर पांढराफटक पडला. मी वनिताला कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, "मग? मला कुटं कोरेगाव सांगायचं व्हतं?"

खुर्चीत बसलेल्या मॅडम चाळिशीच्या, कपाळावर आठी, समोर कागदांची चळत. "बोला. काय म्हणायलात?"

वनिता उभी राहिली. तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "मॅडम, मेहेरबानी करून..." आणि ती थांबली. मला वाटलं आता मी उठलंच पाहिजे, आणि मी अर्धा उठलोही होतो. संपतनं माझा सदरा मागून धरला.

"परत बोलते," वनिता म्हणाली. "मी भाकरी विकते. कामधंदा करून पोट भरायचा हक्क मला घटनेनं दिलाय. तुमी त्याला नियम लावा, मी पाळते. पन माजी गाडी उचलली तवा मला कुनी विचारलं नाय. माजं म्हननं काय हाय ते ऐकून घ्यायला पायजे होतं. ते तवा राह्यलं, ते आता ऐका."

मॅडमनी मान वर केली. "फुटपाथ अडवत होता तुम्ही. लोकांनी चालायचं कुठून?"

मला वाटलं, झालं. पण वनिता म्हणाली, "खरं हाय. गिऱ्हाईकं तितं बसायची. माजी चूक हाय ती. लोकांना चालायचा हक्क हायच की. गल्लीच्या आतल्या अंगाला जागा हाय, तितं गाडी लावते, बाकडं टाकत नाय. मानसं उबी ऱ्हाऊन जेवतील."

मॅडमनी पुष्कळ प्रश्न विचारले. किती वर्षं बसता, पाणी कुठून आणता, खरकटं कुठं टाकता. वनितानं एकेकाचं उत्तर दिलं. दोन ठिकाणी अडखळली, एका ठिकाणी तिला काही माहीत नव्हतं, तर "मला म्हाईत नाय" म्हणाली. मॅडम लिहीत गेल्या. शेवटी त्यांनी पेन ठेवलं आणि सांगितलं, की फेरीवाल्यांची पाहणी होऊन निकाल लागेपर्यंत आतल्या बाजूला बसायला हरकत नाही, फुटपाथ मोकळा हवा, आणि उचललेलं सामान परत द्यायचं.

माझे हात आपोआप जोडले गेले. "लई उपकार झाले मॅडम, लई मोठ्या मनाच्या..."

"आबा," वनिता म्हणाली. मग ती मॅडमकडे वळली. "मॅडम, ऐकून घेतलं त्याचं आभार मानते. धंद्याचं नाय मानत, तो माजा हक्क हाय."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या कपाळावरची आठी जराशी सुटली.

"नकाच मानू," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर आल्यावर संपत भिंतीला टेकून रडला. वनिता त्याला सामान कुठल्या गोदामात आहे ते विचारून यायला सांगत होती. मी पिशवी धरून उभा होतो. त्या क्षणी मला जे वाटलं ते इथं सरळ लिहितो. मला फार कृतज्ञ वाटलं. वनिताबद्दल, गौरीबद्दल, मेथी निवडणाऱ्या त्या बायकांबद्दल, नांदेडच्या त्या बाईंबद्दल. आणि ज्यांनी कधीतरी बसून हा हक्क आमच्या वनूसाठी, तिचं नावगाव माहीत नसताना, लिहून ठेवला त्यांच्याबद्दल. वशिला लावायचा तर खुर्चीत आपल्या गावचा माणूस असावा लागतो. तिच्या कामाला खुर्चीत कुणीही चाललं असतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला नवी मुंबईला यावं लागलं, आणि मी येऊ शकलो याचंही मला बरं वाटलं. गुलाबी फेटा तसाच घडीत राहिला. संपतच्या पुतण्याच्या लग्नात बांधू.

भाकरीची गाडी, शनिवार

परत निघायच्या दिवशी गाडीवर जेवायला गेलो. परातीला पोचा आला होता, शेगडीचा एक पाय वाकला होता, पण जाळ चांगला लागत होता. वनिता गल्लीच्या आतल्या अंगाला उभी राहून भाकऱ्या थापत होती. हमाल डोक्याचं फडकं सोडून येत होते, उभ्यानंच जेवत होते. सुकटीच्या चटणीवर उड्या पडत होत्या.

आणि जो तो येऊन माझ्याशी हात मिळवत होता. "आबा, तुमच्यामुळं झालं." "गावाकडचा मानूस आला म्हनून गाडी सुटली." बाजारभर बातमी पसरली होती, की साताऱ्याहून कुणी मोठे पाहुणे आले आणि त्यांनी साहेबांना दोन शब्द सुनावले. खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागत होतं. पहिल्या दोघातिघांकडे बघून मी नुसता हसलो. वनिताला ऐकू येत होतं. ती भाकरी उलटत राहिली.

तेवढ्यात एक वयस्क बाई टोपली घेऊन आल्या. पलीकडच्या कोपऱ्यावर त्या काकड्या आणि लिंबं विकायच्या. त्यांचंही सामान त्याच दिवशी उचललं होतं. त्यांनी कुठं अर्ज केला नव्हता की विचारलं नव्हतं. गेलं ते गेलं म्हणून त्या उरलेली टोपली डोक्यावर घेऊन दिवसभर फिरत होत्या. टोपली काखेत धरूनच त्या माझ्या पायाशी वाकल्या.

"दादा, तुमच्या शब्दाला वजन हाय म्हनत्यात. माज्यासाटी पन येक शब्द टाका. लई उपकार होतील."

मी त्यांना उठवलं. आयुष्यभर मी अशा वेळी 'बघतो' म्हणत आलो आहे. तोच शब्द तोंडात आला होता.

"बाई, माझ्या शब्दानं काही झालेलं नाही," मी म्हणालो. "मी तिथं तोंडही उघडलं नाही. उघडलं ते नको तेव्हा. बोलली ती ही."

बाईंनी वनिताकडे पाहिलं. पिठानं माखलेले हात, कपाळावर घाम. त्यांचा विश्वास बसेना.

"ही एकलीच बोलली?"

"एकटीच."

"आनि त्यांनी ऐकलं?"

"ऐकावं लागलं," मी म्हणालो.

मग त्यांनी टोपली खाली ठेवली, माझ्याकडे पाठ केली आणि वनिताच्या शेगडीजवळ जाऊन बसल्या. कुणी माझ्याकडे पाठ फिरवली म्हणून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.